युनियनच्या निवडणुकीत पोस्टरवरून वाद झाला तर काय करायचं

कॅन्टीनच्या दारावरचं पोस्टर रात्रपाळीत कुणीतरी फाडतं, सकाळच्या पाळीला दोन्ही पॅनेल समोरासमोर येतात आणि दुपारपर्यंत मॅनेजमेंटचा फतवा निघतो, आता कुणीच काही लावायचं नाही. मुंबईत दोन-तीन युनियनच्या निवडणुका ज्याने जवळून पाहिल्यात, त्याला हे पाठ असेल. फायदा कुणाला होतो? जे आधीपासून खुर्चीत आहेत त्यांना. त्यांचे चेहरे सगळ्यांना माहीत असतात, नव्या उमेदवाराकडे मात्र ओळख करून द्यायला तो एक कागदच असतो.

म्हणून पोस्टरचा वाद युनियनच्या आत, लेखी आणि एका दिवसात मिटवायचा. मॅनेजमेंटला पंच केलं की पुढची तीन वर्षं तिचा हात युनियनच्या मानेवर राहतो. कोर्टात धावलात तर तारीख लागेपर्यंत मतदान उरकलेलं असतं. बाहेरचे दरवाजे आहेत आणि ते कधी ठोठवायचे तेही पुढे सांगतो, पण क्रम चुकवू नका.

निवडणूक नक्की कुठली?

हे विचारायचं कारण असं की मुंबईत 'युनियनचं इलेक्शन' म्हणून तीन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात आणि तिघांचे पंच वेगळे आहेत. पहिली पदाधिकाऱ्यांची: अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार, कार्यकारिणी. ती युनियनच्या स्वतःच्या घटनेप्रमाणे, म्हणजे नोंदणी झालेल्या नियमावलीप्रमाणे चालते. दुसरी मान्यतेची: कुठल्या युनियनला मान्यता द्यायची ते कामगार गुप्त मतदानाने ठरवतात. रेल्वेत ती ४ ते ६ डिसेंबर २०२४ ला झाली. ती प्रशासन घेतं, त्यामुळे पोस्टरची तक्रारही प्रशासनाने नेमलेल्या निवडणूक अधिकाऱ्याकडेच जाते. तिसरी पतपेढीची. ऑगस्ट २०२५ मध्ये बेस्टच्या पतपेढीच्या २१ जागांची निवडणूक राजकीय पक्षांनी एवढी गाजवली की अनेकांना ती युनियनचीच वाटली. पण पतपेढी ही सहकारी संस्था, तिचा कायदा सहकाराचा आणि निवडणूक निर्णय अधिकारीही त्याच खात्याच्या व्यवस्थेतून आलेला.

या लेखात पहिल्या प्रकाराबद्दल बोलतोय. उरलेल्या दोघांतही पुरावा कसा जमवायचा, मजकूर कसा तपासायचा हे तेच राहतं, अर्जावरचा पत्ता तेवढा बदलतो.

पदाधिकाऱ्यांची निवडणूक असेल तर युनियनच्या घटनेची नोंदणीकृत प्रत हातात घ्या. फोटोकॉपीची फोटोकॉपी नको, नोंदणी झालेली, शेवटच्या दुरुस्तीसकट. तीन गोष्टी शोधा: निवडणूक अधिकारी कोण नेमतो, तक्रार कुणाकडे करायची, आणि उमेदवारी रद्द करायचा अधिकार कुणाला आहे का. पोस्टरबद्दल बहुतेक घटनांमध्ये एक ओळही सापडत नाही. ती पोकळी उमेदवारी माघारीच्या दिवशी भरून काढायची असते, पहिलं पोस्टर फाटल्यावर नाही.

भिंत कुणाची?

निम्मे वाद इथेच सुटतात, कारण प्रत्येक भिंतीचा मालक वेगळा असतो आणि भांडणाऱ्यांना ते माहीत नसतं.

युनियनचा स्वतःचा फलक हा सगळ्यांत पक्का. कामगार संघटनांची मान्यता आणि अनुचित प्रथांना आळा यासाठीच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने, ज्याला आपण एमआरटीयू-पल्प म्हणतो, मान्यताप्राप्त युनियनला आस्थापनेच्या आवारात सूचनाफलक लावायचा आणि त्यावर सूचना चिकटवायचा हक्क दिला आहे. तो कलम २० मध्ये आहे. पण हक्क युनियनला मिळतो, विद्यमान कार्यकारिणीला नाही. सत्तेतलं पॅनेल 'फलक आमचा' म्हणत तिथे स्वतःचाच प्रचार लावतं आणि समोरच्याला 'बाहेर लावा' सांगतं, ती सरळ लबाडी आहे. फलकाचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून झालेला असतो. निवडणूक जाहीर झाली की त्याची किल्ली निवडणूक अधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. हा राज्याचा कायदा बंदर, रेल्वे, बँका अशा केंद्राच्या अखत्यारीतल्या ठिकाणी लागत नाही. तिथे युनियन आणि व्यवस्थापनातला करार किंवा जुनी वहिवाट काय आहे ते काढा.

टाइम ऑफिसजवळचा कंपनीचा नोटीस बोर्ड कंपनीचाच. तिथे प्रचार नको, कुणाचाच.

कॅन्टीन, लॉकर रूम, सायकल स्टँड, लिफ्ट या जागाही मालकाच्याच. कंपनीचे स्टँडिंग ऑर्डर्स, म्हणजे कामाच्या अटींचे आणि शिस्तीचे नियम, आधी वाचा. परवानगीशिवाय पत्रकं वाटणं, चिकटवणं हे अनेक ठिकाणी गैरवर्तनात मोडतं. प्रचाराच्या उत्साहात एखाद्या पोराला कंपनीची चार्जशीट मिळाली की निवडणूक बाजूला राहते आणि सगळे त्याची चौकशी लढत बसतात. जागा हवी असेल तर निवडणूक अधिकाऱ्याने सगळ्या पॅनेलच्या वतीने एकच पत्र द्यावं आणि लेखी उत्तर घ्यावं.

गेटबाहेरची भिंत, विजेचा खांब, बसथांबा हे मात्र महापालिकेच्या आणि पोलिसांच्या हद्दीत येतं. तिथे १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा लागू होतो: लोकांना दिसेल अशा जागी लेखी परवानगीशिवाय चिकटवलं किंवा रंगवलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बॅनर बांधायचा तर महापालिका अधिनियमातल्या ३२८ आणि ३२८अ या कलमांखाली परवानगी लागते. गिरणगावात नाक्यावरच्या फळ्यावर खडूने लिहून अख्ख्या वस्तीला सभा कळवायचे, तो जमाना गेला. आज गेटबाहेर खांबाला बांधलेला बॅनर समोरच्या पॅनेलने काढला नाही तरी वॉर्ड ऑफिसची गाडी काढून नेते, आणि आपण उगाच समोरच्यावर आळ घेतो.

माघारीच्या दिवशी

उमेदवारी मागे घ्यायची मुदत संपली की त्याच संध्याकाळी निवडणूक अधिकाऱ्याने सगळ्या पॅनेलचे प्रतिनिधी आणि सुटे, म्हणजे कुठल्याच पॅनेलमध्ये नसलेले, उमेदवार एकत्र बसवावेत. विषय एकच, प्रचाराचे कागद कुठे आणि कसे लावायचे.

फलक प्रत्यक्ष मोजा. समजा तो सहा फूट रुंद आणि चार फूट उंच आहे. वरचा एक फूट निवडणूक अधिकाऱ्याच्या सूचनांसाठी राखून ठेवा. खाली उरलेल्या भागाचे दोन पॅनेल आणि सुटे उमेदवार असे तीन उभे पट्टे करा, प्रत्येकी दोन फुटांचे. इलेक्ट्रिशियनकडची लाल इन्सुलेशन टेप लावून रेषा आखा, पेन्सिलची रेषा चार दिवसांत पुसली जाते. पट्टा कुणाला कुठला, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. मधल्या पट्ट्यावर नजर आधी जाते, त्यामुळे त्यावरून कुरबुर होणारच. प्रचार आठवड्याहून जास्त असेल तर दर सोमवारी पट्टे एक घर सरकवा. फलक काचेचा आणि कुलपाचा असेल तर तो उघडायची वेळ नेमून द्या, म्हणजे पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी अर्धा तास, दोन्हीकडचा एकेक माणूस हजर असताना. हे सगळं किरकोळ वाटतं खरं, पण मी पाहिलेल्या भांडणांत 'त्यांचं पोस्टर आमच्यावर चिकटवलं' ही तक्रार सगळ्यांत जास्त असते आणि लाल टेप लावल्यावर ती जवळजवळ संपते.

मग एका पानाची आचारसंहिता लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. मजकूर साधारण असा चालेल:

'प्रचाराचं पत्रक ए-थ्री आकारापेक्षा मोठं नसेल. प्रत्येक पत्रकावर पॅनेलचं किंवा उमेदवाराचं नाव, जबाबदार सभासदाचं नाव आणि लावल्याची तारीख असेल. लावण्यापूर्वी दोन प्रती निवडणूक अधिकाऱ्याकडे देऊन एका प्रतीवर पोच घ्यावी. दुसऱ्याचं पत्रक कुणीही काढणार, झाकणार किंवा त्यावर लिहिणार नाही, ते चुकीच्या जागी लावलेलं असलं तरी. आक्षेप असेल तर लेखी तक्रार चोवीस तासांत करावी, निर्णय पुढच्या चोवीस तासांत मिळेल. मतदानाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहानंतर नवं पत्रक लागणार नाही.'

यातला 'पोच' हा शब्द जपून वापरा. पोच म्हणजे मंजुरी नव्हे. निवडणूक अधिकारी पोस्टर आधी वाचून पास-नापास करू लागला की दुसऱ्या दिवशी त्याच्यावरच पक्षपाताचा शिक्का बसतो. त्याने प्रत ठेवायची आणि सही करायची. मजकुरावर आक्षेप आला तरच तो वाचायचा.

शेवटचं वाक्यही गाळू नका. मतदानाच्या आदल्या रात्री लागणाऱ्या पत्रकाला उत्तर द्यायला वेळच उरत नाही, आणि सगळ्यांत घाण पत्रक नेमकं तेव्हाच लागतं.

तक्रार आल्यावर

ज्याचं पोस्टर फाटलं किंवा ज्याला समोरच्याचं पोस्टर खटकलं, त्याने पहिल्यांदा काही न करणं महत्त्वाचं. हात लावू नका. फाटलेला तुकडाही उचलू नका. दोन फोटो काढा: एक लांबून, ज्यात भिंत, दार, आजूबाजूचे पट्टे दिसतील, दुसरा जवळून, मजकूर वाचता येईल असा. शेजारी उभ्या असलेल्या दोन सभासदांची नावं लिहून घ्या, शक्यतो आपल्या पॅनेलची नसलेली. मग अर्ज.

अर्ज लांबलचक नको. तारीख आणि वेळ, जागा, काय दिसलं, कुणी पाहिलं आणि काय हवं. शेवटची गोष्ट लोक विसरतात. 'कडक कारवाई व्हावी' ही मागणी नव्हे. 'आमचं पत्रक आज दुसऱ्या पाळीपूर्वी त्याच जागी पुन्हा लावू द्यावं' ही मागणी आहे, ती निवडणूक अधिकारी तासाभरात पुरी करू शकतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर वेळेसकट पोच घ्या.

निवडणूक अधिकाऱ्याने स्वतः जागेवर जायचं. दोन्ही पॅनेलचा एकेक माणूस सोबत, चार ओळींचा पंचनामा, सगळ्यांच्या सह्या. कुणी सही नाकारली तर 'सही नाकारली' असं लिहा आणि पुढे जा. मग ज्याच्यावर आरोप आहे त्याला अर्जाची प्रत देऊन उत्तर मागा, पाळी संपेपर्यंतची मुदत पुरते. त्याला न ऐकता निर्णय दिला तर उद्या कुठल्याही कोर्टात तो टिकणार नाही.

सुनावणी युनियनच्या ऑफिसात घ्या, गेटवर नाही. गेटवर पाचाचे पन्नास जमतात. साधारण संवाद असा होतो:

'भाऊ, पोस्टर तुमच्या माणसाने फाडलं?'

'साहेब, आमचा कुणी नव्हता. आणि त्यांनी ते आमच्या पट्ट्यावर लावलंच कशाला?'

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला माफी देत नाही. निर्णयात दोन्ही वेगवेगळे लिहा. पट्ट्याबाहेर लावलं, तर ते लावणाऱ्याने काढावं. दुसऱ्याने फाडलं, तर फाडणाऱ्याच्या पॅनेलने त्या पत्रकाच्या छपाईचा खर्च द्यावा. कुणी फाडलं ते सिद्ध झालं नाही, तर तसं लिहा आणि पत्रक पुन्हा लावू द्या. गुन्हेगार सापडला नाही तरी नुकसान भरून निघतं, हे निवडणूक अधिकाऱ्याने ध्यानात ठेवलं की त्याचं अर्धं ओझं उतरतं.

उपाय चढत्या क्रमाने वापरा. आधी पत्रक परत लावणं, मग आक्षेपार्ह ओळ झाकणं, मग समोरच्याला त्याच फलकावर खुलाशासाठी तेवढीच जागा, मग वारंवार नियम मोडणाऱ्या पॅनेलचा पट्टा दोन दिवस रिकामा ठेवणं. उमेदवारी रद्द करण्याचा विचार घटनेत स्पष्ट तरतूद असल्याशिवाय मनातही आणू नका. पोस्टरवरून उमेदवार बाद केला तर युनियनची अख्खी निवडणूक वादात सापडते.

निर्णय अर्ध्या पानाचा असावा, कारणासहित, आणि फलकाच्या त्या राखीव एक फुटात लावावा. तोंडी समजावून मिटवलेला वाद तिसऱ्या पाळीपर्यंत पोचेपर्यंत त्याची वेगळीच गोष्ट झालेली असते.

मजकूर खटकला तर

इथे जरा दम धरा. युनियनच्या निवडणुकीत भाषा तिखटच असणार. 'पाच वर्षांत एकही चांगला करार केला नाही', 'मॅनेजमेंटच्या मांडीवर बसलेली कार्यकारिणी', 'वर्गणी घेता, तक्रार घेत नाही' ही टीका आहे. झोंबली म्हणून ती काढता येत नाही, उत्तर द्यायला शेजारचा पट्टा मोकळा आहे. माझं मत असं की शंकेचा फायदा नेहमी पोस्टरला द्यावा.

अडचण येते ती ठोस आरोपाला. 'खजिनदाराने कल्याण निधीतले पैसे खाल्ले' असं लिहिलं तर ते खरं-खोटं तपासता येण्यासारखं विधान झालं. त्याचा आधार मागा आणि आधार द्यायला एक दिवस द्या. आधार दिला तर पत्रक राहील, नाही दिला तर ती ओळ झाकायची, पूर्ण पत्रक नाही. त्याच वेळी खजिनदारालाही विचारा की वह्या दाखवल्या का. हिशेबाच्या वह्या सभासदांना पाहायला मिळण्याची सोय युनियनच्या घटनेत असावीच लागते, १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यापासून तसं आहे. 'हिशोब मागूनही दाखवला नाही' हे पत्रक जर खरं असेल तर ते झाकायचा अधिकार कुणालाच नाही.

जात, धर्म, भाषा, कुणाची बायको-मुलं, कुणाचं आजारपण यावर आलेलं पत्रक मात्र निवडणूक अधिकाऱ्याने लगेच उतरवावं आणि चर्चा नंतर करावी. धमकी असेल तर पोलिसांत जायला निवडणूक अधिकाऱ्याची वाट पाहायची नाही. बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे, पण तो रस्ता लांबचा आहे आणि निवडणुकीपुरता कामाचा नाही. दोन सभासद वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात आणि पोस्टर काय होतं ते कुणाला आठवतही नाही.

मॅनेजमेंट मध्ये पडली तर

सुरक्षा रक्षकाने सगळ्यांचीच पत्रकं उतरवली तर तो जागेचा प्रश्न आहे, निवडणूक अधिकाऱ्याच्या पत्राने सुटतो. पण एकाच पॅनेलची उतरवली आणि दुसऱ्याची ठेवली, किंवा एका पॅनेलची छपाई ऑफिसच्या झेरॉक्स मशीनवर होतेय, तर गोष्ट गंभीर आहे. मालकाने युनियनवर वर्चस्व गाजवणं, तिच्या कारभारात ढवळाढवळ करणं, तिला पैशाने किंवा अन्य मार्गाने पाठबळ देणं ही १९७१ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत अनुचित प्रथा म्हणून नोंदलेली आहे. तिची तक्रार औद्योगिक न्यायालयात जाते. ती युनियन करू शकते, तसाच एखादा कामगारही करू शकतो. मुदत प्रकार घडल्यापासून नव्वद दिवसांची. योग्य कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. कलम ३० खाली अंतरिम आदेशही मागता येतो.

त्याआधी व्यवस्थापनाला पत्र द्या, आवक शिक्क्यासह. त्यात काय घडलं, वेळ, रक्षकाची पाळी आणि सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवण्याची विनंती लिहा. ही विनंती पहिल्याच दिवशी गेली पाहिजे, कारण रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. जमलं तर समोरच्या पॅनेलचीही सही घ्या. आज त्यांचं राहिलं, उद्या त्यांचं उतरेल, हे बहुतेकांना पटतं.

व्हॉट्सॲप

आता खरा प्रचार इथे चालतो, भिंत निमित्तमात्र राहिली आहे. युनियनचा अधिकृत ग्रुप असेल तर निवडणुकीपुरता 'फक्त ॲडमिन पाठवतील' असा करा, ॲडमिन निवडणूक अधिकारी आणि प्रत्येक पॅनेलचा एक. पॅनेलच्या किंवा मित्रांच्या खाजगी ग्रुपवर निवडणूक अधिकाऱ्याने पोलिसगिरी करू नये. तिथला मजकूर आचारसंहिता मोडत असेल आणि उमेदवाराने स्वतः टाकलेला असेल, तरच दखल घ्यावी.

पुरावा म्हणून नुसता स्क्रीनशॉट देऊ नका, तो कुणीही बनवतो. ज्या फोनवर मेसेज आला तो फोन निवडणूक अधिकाऱ्याला दाखवा, पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ पंचनाम्यात लिहा, चॅट एक्सपोर्ट करून ठेवा आणि मूळ मेसेज डिलीट करू नका. पुढे कोर्टात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि तेव्हा मूळ फोनची गरज पडते.

निकालानंतरही वाद उरला तर

मतदान तोंडावर असताना निवडणूक थांबवायला कोर्ट सहसा तयार होत नाही. त्यामुळे तेव्हा तक्रारी नोंदवून मतदान होऊ द्या आणि निकालानंतर विचार करा, पोस्टरच्या प्रकाराने निकाल फिरला असता का? चारशे मतांनी हरलेल्याने एका फाटलेल्या पत्रकावर याचिका करू नये. सहा मतांनी हरलेल्याकडे आदल्या रात्रीचं खोटं पत्रक असेल, निवडणूक अधिकाऱ्याने लेखी तक्रारीवर काहीच केलं नसेल, तर प्रकरणात दम आहे.

महाराष्ट्रात जुनी वाट अशी होती: १९२६ च्या कायद्यातल्या राज्याच्या दुरुस्तीप्रमाणे, कलम २८-१ए खाली, पदाधिकारी कोण यावरचा वाद किमान सहा महिने सभासद असलेल्याने निबंधकांच्या, म्हणजे युनियनची नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांच्या, संमतीने औद्योगिक न्यायालयात न्यायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता २०२० लागू झाली आहे. तिच्या कलम २२ प्रमाणे पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीचा सभासद आणि युनियनमधला वाद, युनियनचं नोंदणीकृत कार्यालय ज्या भागात आहे तिथल्या न्यायाधिकरणाकडे जातो, आणि असा दावा दिवाणी कोर्ट ऐकत नाही. आधीपासून चालू असलेलं प्रकरण आणि नवं प्रकरण यांची वाट वेगळी पडते, म्हणून अर्जाच्या माथ्यावर कुठलं कलम लिहायचं ते कामगार वकिलाकडून पहिल्याच भेटीत पक्कं करून घ्या. निबंधकांकडची युनियनची कागदपत्रं लागतील तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात अर्ज करा.

वकिलाकडे जाताना सोबत न्यायचं: घटनेची नोंदणीकृत प्रत, वर्गणीच्या पावत्या, सही झालेली आचारसंहिता, पोच असलेले सगळे अर्ज, पंचनामे, निर्णय, फोटो आणि निकालपत्रक. निवडणूक अधिकाऱ्याने मतपत्रिका, मतदार यादी आणि पोच घेतलेली प्रत्येक पत्रकाची प्रत मोहोरबंद करून युनियनच्या कपाटात ठेवावी, मोहोरेवर दोन्ही पॅनेलच्या सह्या घ्याव्यात आणि वाद मिटेपर्यंत कपाटाची किल्ली निवडून आलेल्या सरचिटणिसाकडे देऊ नये.